मराठी बोलेल त्याने कप धुवायचे

आमच्या हॉलच्या एका कोपऱ्यात छत्र्या साठल्या आहेत. कुणी मुद्दाम आणून ठेवलेल्या नाहीत आणि न्यायलाही कुणी येत नाही. सांभाळायचं काम मात्र माझं. किस्स्यांचंही तसंच असतं. माणसं येतात, बोलतात, हसतात, रुसतात आणि जेवायच्या वेळेला घरी जातात. किस्सा मागेच राहतो. मी झाडायला घेतलं की सापडतो. टाकून देववत नाही, म्हणून ठेवून देतो. असे बरेच साठलेत. त्यातले थोडे आज तुमच्यापुढे काढतो.

हा हॉल बोरिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर. खाली वाचनालय, वर हॉल. चाव्या माझ्याकडे असतात. सकाळी योगा, दुपारी भजन, संध्याकाळी कुणाच्या तरी मुलीची बोलणी. खुर्च्या मांडायच्या, खुर्च्या उचलायच्या, चहा करायचा. सगळे मला आबा म्हणतात. शाळेत मी कधी गेलो नाही. अक्षरं मोठेपणी दुकानांच्या पाट्या वाचत वाचत शिकलो, त्यामुळे लिहायला मला वेळ लागतो. पण घाई कुणाला आहे?

तर रविवारी सकाळी इथे इंग्लिशचा क्लास भरतो. ए बी सी डीचा नव्हे, बरं का! येणाऱ्या सगळ्यांना इंग्लिश येतं. वाचता येतं, लिहिता येतं, समोरचा बोलला तर कळतं. फक्त स्वतः तोंड उघडायची वेळ आली की वाट लागते. त्यासाठी एकमेकांशी गप्पा मारायच्या, खेळ खेळायचे, सहलीला जायचं, पण सगळं इंग्लिशमध्ये. टीचर या मंडळींना ‘ॲडव्हान्स’ म्हणतात.

मी एकदा विचारलं, “टीचर, ॲडव्हान्स म्हणजे कसं?”

“आबा, ज्यांना स्वतःच्या चुका कळतात ते ॲडव्हान्स. म्हणून तर मेले गप्प बसतात!”

या फिलोमिना टीचर. गोराईच्या. शाळेतून रिटायर झाल्या, पण आवाज रिटायर झाला नाही. इंग्लिश एकदम झकास, आणि घरची मराठी त्याहून झकास.

तुम्ही म्हणाल, आबा, तुम्हाला कुठे कळतं इंग्लिश? नाही कळत. पण चहा देताना माणसाचं तोंड तर दिसतं ना! बाकीचं मला नंतर सगळे मराठीत सांगतात. कुठे सांगतात, तेही पुढे येईलच. खालची वाक्यं ज्याची त्यालाच विचारून लिहिली आहेत.

*

सावंतसाहेब मालवणकडचे, म्हणजे माझ्याच मुलखातले. सगळी नोकरी कचेरीत पत्रं लिहिण्यात गेली. त्यांनी लिहिलेलं पत्र वाचून मोठे मोठे साहेब गार व्हायचे, असं ते स्वतः सांगतात. पण इंग्लिश बोलायची वेळ नोकरीत कधी आलीच नाही.

पहिल्या दिवशी टीचरनी सहज विचारलं, “हाऊ आर यू, मिस्टर सावंत?”

साहेब उभे राहिले. शर्टाचं वरचं बटण लावलं. घसा खाकरला.

“विथ रेफरन्स टू युवर क्वेश्चन, आय ॲम फाइन.”

टीचर हसल्या नाहीत. शाळेची सवय. “अँड युवर फॅमिली?”

“माय वाइफ इज ऑल्सो फाइन. धिस इज फॉर युवर काइंड इन्फर्मेशन.”

एवढं बोलून साहेब खाली बसले. कपाळावरचा घाम पुसला. लढाई जिंकल्यासारखं तोंड झालं होतं.

टीचर म्हणाल्या, “सावंत, सगळं झालं. खाली सही तेवढी राहिली!”

आणि तुम्हाला खोटं वाटेल, पण साहेबांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला!

*

दुसऱ्या आमच्या जोशीकाकू. जन्म मुलुंडमध्ये गेला, मुलाने इकडे घर घेतल्यावर बोरिवलीला आल्या. त्यांचं इंग्लिश पुस्तकांतून आलेलं. पुस्तकंही एकाच जातीची. पहिल्या पानावर खून आणि शेवटच्या पानावर खुनी! खालच्या वाचनालयातली तसली सगळी पुस्तकं त्यांनी संपवली आहेत. त्यामुळे त्यांना साधं ‘गुड मॉर्निंग’सुद्धा संशयानेच म्हणता येतं.

एकदा टीचरनी खेळ लावला. समजा पार्टी आहे. हातात सरबताचा ग्लास घ्यायचा आणि अनोळखी माणसाशी दोन गोड गोष्टी बोलायच्या. हवापाणी, प्रवास, असलं काहीतरी.

काकू ग्लास घेऊन सरळ सावंतसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. डोळे बारीक केले.

“मिस्टर सावंत, व्हेअर इज युवर वाइफ?”

साहेब गडबडले. वहिनी खरोखरच माहेरी, कुडाळला गेल्या होत्या. पण ते इंग्लिशमध्ये जुळेपर्यंत काकू आणखी एक पाऊल पुढे!

“नोबडी हॅज सीन हर सिन्स थर्सडे.”

सगळा हॉल साहेबांकडे बघायला लागला. साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि रुमाल काढला. मला बाहेरून वाटलं, खरंच काही झालंय की काय!

शेवटी साहेबांनी उत्तर जुळवलं.

“मॅडम, द मॅटर इज अंडर कन्सिडरेशन.”

*

आता कपांचं सांगतो.

क्लास सुरू झाला तेव्हा सगळे दोन वाक्यं इंग्लिश बोलायचे आणि मग हळूच मराठीत घसरायचे. टीचर वैतागल्या. त्यांनी नियम काढला. हॉलमध्ये जो मराठी बोलेल, त्याने चहानंतर सगळ्यांचे कप धुवायचे.

माझी चांदीच झाली म्हणायची! पण त्या रविवारी नवल झालं. नियम ऐकून कुणी मराठी बोललं नाही, हे खरं. पण इंग्लिशही कुणी बोललं नाही! सगळे देवळात बसल्यासारखे बसून राहिले. टीचर विचारायच्या आणि मंडळी मान हलवायची. कपाला कोण घाबरत नाही?

तेवढ्यात ट्यूबलाइटमागून एक पाल सुटली आणि टेबलाच्या मधोमध पडली. पुढे काय विचारू नका. काकू खुर्चीवर! साहेब “मेलंय मी, मेलंय!” करत दाराबाहेर! आणि सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? “अगो बाय गो, अंगावर आली माझ्या!”

टीचरचा!

कप टीचरनीच धुतले. नियम म्हणजे नियम.

पण खरी गंमत पुढची आहे. हॉलमागे माझी चहाची खोली, आणि तिथेच कप धुवायचं सिंक. नियम हॉलपुरताच होता. सिंकपाशी मराठी चालते. झालं! तासभर तोंड दाबून बसलेली माणसं सिंकपाशी आली की अशी बोलायची, की नळाचा आवाज ऐकू येऊ नये! घरचं, दारचं, सुनेचं, सोसायटीच्या सेक्रेटरीचं, सगळं तिथे निघायचं. पुढे पुढे मंडळी मुद्दाम हॉलमध्ये एखादा मराठी शब्द टाकायला लागली. सावंतसाहेब तर एकदा क्लास सुरू व्हायच्या आधीच दारातून आत डोकावून “नमस्कार मंडळी!” म्हणाले आणि परस्पर सिंकपाशी येऊन उभे राहिले.

“साहेब, अजून चहासुद्धा झालेला नाही,” मी म्हटलं.

“होऊ दे रे सावकाश. मी थांबतंय.”

रेश्माची गोष्टही मला सिंकपाशीच कळली.

*

रेश्मा विक्रोळीची. चाळीत राहते. घरी ती आणि आई, एवढ्याच दोघी. कामाला मालाडच्या एका मोठ्या ऑफिसात. असा बोलायला लावणारा क्लास जवळ कुठे सापडला नाही, म्हणून रविवारी एवढ्या लांब येते. हुशार पोरगी. तिचे साहेब जर्मनीत बसतात आणि तिच्याशी कॉम्प्युटरवर बोलतात. वेबरसाहेब त्यांचं नाव. माणूस वाईट नाही, असं तीच सांगायची.

त्या दिवशी ती तोच कप पुन्हा पुन्हा विसळत होती. मी विसळू दिलं. माणूस तयार झाला की आपणहून बोलतो.

“आबा, मला कायमचं बंगळुरूला जायला सांगतायत.”

“मग?”

“आई चाळ सोडून येणार नाही. तिला आता कमी दिसतं, पण चाळीत तिला प्रत्येक पायरी पाठ आहे. शेजारच्या बायका हाक मारून बघतात. तिकडे नव्या ठिकाणी तिला भिंतसुद्धा सापडायची नाही. आणि तिला टाकून मी कशी जाऊ?”

“मग नाही म्हण ना बाळा साहेबांना.”

ती हसली, पण डोळ्यांत पाणी. “तेच तर येत नाही ना! त्यांचं तोंड स्क्रीनवर दिसलं की माझ्या तोंडून एकच निघतं, येस, शुअर, नो प्रॉब्लेम. दिवाळीनंतर कॉल आहे. त्या कॉलवर नाही म्हटलं नाही, तर ऑर्डर निघणार. आणि म्हणायला गेले आणि भलतंच काही बोलले, तर नोकरी जाणार.”

टीचर मागेच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं. तिच्या हातातला कप काढून घेतला आणि म्हणाल्या, “दिवाळीनंतर ना? भरपूर वेळ आहे. पुढच्या रविवारपासून भांडणं!”

*

टीचरचं म्हणणं असं, की तुम्ही सगळे इंग्लिश बोलता ते रजेचा अर्ज दिल्यासारखं. वाकून, हात जोडून! आपल्या मराठीत कसं, भाजीवाल्याशी बोलतानाही दम असतो. तो दम इंग्लिशमध्ये आला पाहिजे.

म्हणून भांडण लावलं. जोशीकाकू वरच्या मजल्यावर, सावंतसाहेब खालच्या. काकूंच्या बाथरूममधून साहेबांच्या घरात पाणी गळतंय. बोरिवलीत यावरून माणसं पोलिसांत जातात, तुम्हाला माहीतच आहे!

साहेबांनी सुरुवात केली. “मॅडम, इफ यू डोन्ट माइंड, युवर वॉटर इज कमिंग इन माय हाऊस.”

“ओह! थँक यू फॉर टेलिंग मी.”

“नॉट ॲट ऑल. थँक यू फॉर लिसनिंग.”

“प्लीज कम फॉर टी.”

“शुअर, मॅडम!”

टीचरनी कपाळावर हात मारून घेतला. “अरे, पाणी गळतंय तुझ्या घरात! चहा काय पितोस मेल्या?” मग लक्षात आलं, आणि त्या मुकाट्याने सिंकपाशी आल्या.

पण खरं भांडण ठरवून होत नाही, आपोआप होतं. त्याच दिवशी झालं. टीचर कप धुवत होत्या आणि इकडे हॉलमध्ये पंख्यावरून पेटलं. साहेबांची मान धरलेली, त्यांना पंखा बंद हवा. काकूंना उकडत होतं, त्यांना पाचावर हवा. साहेबांनी बंद करायचा, काकूंनी लावायचा. नियमाच्या धाकाने सगळं इंग्लिशमध्ये! आवाज चढत चालला. मी रेग्युलेटर मधल्या नंबरावर ठेवायला धावलो, तर टीचरनी ओल्या हाताने माझा सदरा धरला.

“आबा, पंख्याला हात लावाल तर बघा! इतक्या दिवसांनी तोंडं उघडलीत.”

साहेब ओरडले, “मॅडम, युवर फॅन इज किलिंग मी!”

काकूंनी त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. थंडपणे. अगदी पुस्तकातल्या पोलिसासारखं.

“देन व्हाय आर यू स्टिल अलाइव्ह?”

मग सगळ्यांत आधी टाळ्या कुणी वाजवल्या असतील, तर सावंतसाहेबांनी! पुढच्या रविवारी ते मफलर गुंडाळून आले आणि पंख्याखालीच बसले.

रेश्मा मात्र त्या दिवशी नुसती बघत होती. जाताना म्हणाली, “काकूंना कसं सुचतं हो, आबा? मला तर पंख्यालासुद्धा नाही म्हणवणार नाही.”

*

मग टीचरनी तिला गृहपाठ दिला. फोनवर कार्ड घ्या, कर्ज घ्या म्हणून पोरं मागे लागतात ना? असा फोन आला की कट करायचा नाही. इंग्लिशमध्ये, गोड पण ठाम, नाही म्हणायचं.

पुढच्या रविवारी टीचरनी सिंकपाशी विचारलं. रेश्मा खाली मान घालून म्हणाली, “आला होता एकाचा फोन.”

“नाही म्हटलंस?”

“म्हटलं ना. नो, थँक यू म्हटलं. मग तो म्हणाला, मॅडम, आज सकाळपासून सगळे नोच म्हणतायत. त्याचा आवाज इतका रडवेला झाला होता! मग मी विचारलं, तुला दुसरं काम नाही का मिळत? तो म्हणाला, कोण देणार? मग मी त्याचा बायोडेटा मागवला.”

“आणि?”

“सोमवारपासून आमच्या मालाडच्या ऑफिसात लागतोय.”

टीचरनी नळ बंद केला. मग मला म्हणाल्या, “आबा, हिला आधी चहा द्या. आणि मला दोन.”

*

दिवाळी जवळ आली. टीचर म्हणाल्या, आता शेवटचा उपाय. सगळ्यांनी माझ्या माहेरी चला.

लाँचने खाडी ओलांडून आम्ही गोराईला गेलो. मलाही नेलं. टीचरचे भाऊ मासेमारी करतात, घरामागे थोडी भाजीची शेती आहे. भावाची बायको बियाट्रिस वहिनी. अंगाने मजबूत, मनाने त्याहून. इंग्लिशचा एक शब्द येत नाही. टीचरनी रेश्माला वहिनीसमोर पानावर बसवलं आणि कानात सांगितलं, “हिला नाही म्हणून दाखव. फक्त इंग्लिशमध्ये. माझ्या माहेरात आजवर कुणाला जमलेलं नाही.”

पुढ्यात तळलेली सुरमई, कोळंबीचं कालवण, आणि फुगे. फुगे म्हणजे त्यांच्याकडे सणाला करतात ते गोल गोल तळलेले पाव. जोशीकाकूंसाठी वेगळी वाटाण्याची उसळ. पहिलं वाढप झालं, दुसरं झालं. तिसऱ्याला रेश्माने हात आडवा केला.

“नो, थँक यू.”

“खा गो बाय, लाजू नको!” धप्पकन फुगे पडले.

“नो, रिअली, आय ॲम फुल.”

“एवढ्याशा पोटाला काय होतंय?” सुरमईची तुकडी.

“माय डॉक्टर हॅज टोल्ड मी...”

“डॉक्टर काय घालतो गो तुला जेवायला?” कालवण!

टीचर बाजूला बसून शिकवत होत्या. “थांबू नकोस. आपल्यात पहिल्या नाहीला कुणी नाही धरतच नाही. दुसऱ्यालाही नाही. समोरचा बरं म्हणाला तरी विश्वास ठेवायचा नाही, पाठ फिरली की वाढतात! दर वेळी नवं कारण दे. आवाज चढव. डोळ्यांत बघ!”

आणि हळूहळू पोरीला सूर सापडला, बरं का! पाठ ताठ झाली. आवाज पोटातून यायला लागला. शेवटी तिने ताट दोन्ही हातांनी झाकलं आणि अख्ख्या अंगणाला ऐकू जाईल असं काहीतरी बोलली. मला अर्थ कळला नाही, पण झाडावरचे कावळे उडाले.

बियाट्रिस वहिनी थबकल्या. पळी खाली ठेवली. नणंदेकडे वळून म्हणाल्या, “पोरगी पक्की आहे गो तुमची!”

आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. रेश्माचा चेहरा असा फुलला होता! हात धुवायला म्हणून ती उठली, वळून नळाकडे गेली, परत आली, तर ताटात तीन फुगे.

*

आता कॉलचं.

दिवाळी झाली. त्या दिवशी रेश्माने घरून काम घेतलं होतं. पण चाळीत शेजारी बारसं होतं, लाउडस्पीकर लावलेला. म्हणून टीचरनी मला हॉल उघडायला सांगितला. दुपारची वेळ. मी टेबल पुसलं, पंखा बंद केला. तिने कॉम्प्युटर मांडला, कानाला ते ऐकायचं लावलं. पाण्याचा ग्लास ठेवला तर तिने एका दमात संपवला.

“आईला सांगितलंस आजचं?” मी विचारलं.

“सांगितलं. ती म्हणाली, तुला जावंच लागलं तर जा बाय, मी राहीन. आणि मग पोळ्या लाटताना उगाचच मला म्हणाली, पायऱ्या मोजून बघितल्या आज परत.”

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आलो. जिन्याच्या पायऱ्यांवर सगळी बसलेली! टीचर, काकू, मफलर लावून सावंतसाहेब. सगळ्यांचे कान दाराकडे. वेबरसाहेबांचं बोलणं तिच्या कानातच जात होतं, आम्हाला फक्त तिचा आवाज येत होता. टीचर मला हळूच मराठीत सांगत होत्या.

सुरुवातीला काहीच ऐकू येईना. मग एकदम स्वच्छ आवाज आला.

“मिस्टर वेबर, आय कॅनॉट गो टू बंगळुरू. नो.”

टीचरनी छातीवर क्रूस केला. “म्हटलं! म्हटलं गो बाय तिने!”

काकूंनी साहेबांचा हात दाबला. आम्हाला वाटलं, आता काय ते एका मिनिटात कळेल.

पण रेश्मा थांबेना! टीचर सांगायला लागल्या, “आईचं सांगतेय... चाळीचं सांगतेय... आता म्हणतेय, नवीन पोरांना मी शिकवलं, ती सगळी मालाडला आहेत...” मध्ये क्षणभर शांतता. पुन्हा “नो, मिस्टर वेबर!” आणि नवं कारण.

“ऐकत नाहीये तो,” सावंतसाहेब म्हणाले.

आवाज चढला. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला, म्हणजे पोरगी उभी राहिली! पुन्हा शांतता. पुन्हा “नो!”

“किती हट्टी माणूस आहे हा!” काकूंचे डोळे बारीक झाले. “आई आंधळी होत चाललीय, आणखी काय ऐकायचंय याला?”

“मी आत जातंय,” साहेब उठले. “त्याका असा लेटर लिवतंय की...”

टीचरनी त्यांना मफलर धरून खाली बसवलं. “बसा! तिचं तिला भांडू द्या.”

पण त्यांचाही चेहरा उतरला होता. अर्धा तास होत आला. आत पोरगी एकटी किल्ला लढवत होती आणि आम्ही चार म्हातारी माणसं पायरीवर हात चोळत बसलो होतो. मी चहा ठेवायला उठलो, आणि तसाच परत बसलो. चहा घशाखाली कुणाच्या उतरणार?

शेवटी दार उघडलं. रेश्मा बाहेर आली. तोंड लालबुंद, केस विस्कटलेले, आवाज बसलेला.

सगळे उठून उभे राहिले. मग टीचरच म्हणाल्या, “काय म्हणाले?”

“हो म्हणाले. जायचं नाही. मी मालाडलाच.”

काकूंनी तिला मिठीच मारली. सावंतसाहेबांनी मफलर काढून डोळे पुसले. “शाब्बास! शेवटी वाकवलंस त्याला! ‘हो’ कधी म्हणाला?”

रेश्मा घुटमळली. “पहिल्यांदाच.”

“पहिल्यांदाच म्हणजे?”

“मी नो म्हटलं ना, ते लगेच म्हणाले, ओके, नो प्रॉब्लेम, स्टे इन मुंबई.”

आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. टीचरचा आवाज फुटला तो असा, की खालच्या वाचनालयातली माणसं वर बघायला लागली.

“मग अर्धा तास काय चाललं होतं गो तुझं आत?”

“मला वाटलं, वरवर म्हणतायत!”

टीचर मटकन पायरीवर बसल्या. काकूंनीच पुढे विचारलं, “अगं, पण ते वैतागले नाहीत का? काय म्हणाले शेवटी?”

रेश्माने घाम पुसला. “वैतागले नाहीत, ऐकत राहिले. मग म्हणाले, हे तू कुठे शिकलीस? मी सांगितलं, आमच्या रविवारच्या क्लासमध्ये. तर विचारत होते, टीचर आणखी एकाला घेतील का? इथला क्लास म्हणजे त्यांच्याकडे पहाट होते, पण उठेन म्हणाले.”

“कुणाला घ्यायचंय?”

“त्यांनाच. त्यांच्यावर पण एक साहेब आहेत.”